खलिफांचे वादक कुठे गेले?

दोन वर्षांपूर्वी आम्ही खुलदाबादला जियारतीसाठी गेलो होतो. सोबत मामू होते. हजरत बुरहानुद्दीन गरीब यांच्या दर्ग्यावर फातिहा पढून झाली, औरंगजेबाची साधी कबर पाहून झाली. परतताना मी मामूंना सांगितलं की, याच परिसरात एक असा मकबरा आहे ज्यात कुणीच दफन नाही. उस्मानी घराण्याचे शेवटचे खलिफा अब्दुल मजीद दुसरे यांच्यासाठी तो निजामाच्या काळात बांधला गेला. खलिफांचा इंतकाल १९४४ साली पॅरिसमध्ये झाला. त्यांच्या मय्यतीला दहा वर्षं मातीची वाट पाहावी लागली आणि १९५४ मध्ये मदिन्यात त्यांचं दफन झालं. खुलदाबादचा मकबरा तसाच रिकामा राहिला.

मामूंनी उमेदीची वर्षं लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवण्यात घालवली. पुढे बिरादरीतल्या काहींनी ही कमाई हलाल नाही असं वारंवार सुनावलं, तेव्हा त्यांनी ते पेटीत ठेवून दिलं. नंतर आम्ही कुणी ते कधी ऐकलं नाही. म्हणूनच मी त्यांना मोबाईलवर एक चित्र दाखवलं. चित्राचं नाव ‘राजवाड्यात बीथोव्हेन’, साल १९१५. दिवाणखान्यात व्हायोलिन, पियानो आणि चेलोची मैफल चालू आहे. व्हायोलिन वाजवणारी बाई म्हणजे अब्दुल मजीद यांच्या बेगम शहसुवार. खोलीत बीथोव्हेनचा अर्धपुतळा आहे आणि फौजी पोशाखातले अब्दुल मजीद बसून ऐकत आहेत. हे चित्र त्यांनी स्वतः काढलं. तेव्हा ते शहजादे होते, सात वर्षांनी खलिफा झाले. ते स्वतः पियानो आणि चेलो वाजवत.

मामू बराच वेळ चित्राकडे पाहत राहिले. मग त्यांनी विचारलं, “खलिफा गए, तो उनके बजानेवाले कां गए?”

प्रश्न एका वाजवणाऱ्याचा होता. खिलाफतीवर मी बरंच वाचलं होतं, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. उत्तर शोधायला बसलो तेव्हा कळलं की, ते वादक कुठेही हरवले नव्हते. ते अंकाराला गेले. आज तुर्कस्तानचा जो राष्ट्रीय सिम्फनी ऑर्केस्ट्रा आहे, राष्ट्राध्यक्षांच्या नावाने चालणारा, तो त्याच वादकांचा वारसा सांगतो. आपली सुरुवात तो १८२६ पासून मोजतो.

सिम्फनी ऑर्केस्ट्रा म्हणजे ऐंशी-शंभर वादकांचा ताफा. व्हायोलिनपासून डबल बासपर्यंतची तंतुवाद्यं, लाकडी आणि पितळी सुषिर वाद्यं, ढोल आणि झांज. सगळे लिहिलेल्या नोटेशनवर वाजवतात आणि समोर उभा असलेला संचालक हातातल्या काडीने त्यांना एकत्र चालवतो. त्याला कंडक्टर म्हणतात. आपल्याला कंडक्टर म्हटलं की एसटी आठवते, पण काम फार वेगळं नाही. गाडी कधी सुटणार आणि कुठे थांबणार, हे तोच ठरवतो. नौशाद यांच्या गाण्यांमागे व्हायोलिनचा जो भरलेला आवाज ऐकू येतो, तो मुंबईत आलेल्या गोव्याच्या वादकांनी याच पद्धतीने, कागदावर बघून वाजवलेला आहे.

उस्मानी बाजा आणि इटालियन पाशा

उस्मानी फौजेचा स्वतःचा बाजा होता. त्याला मेहतेर म्हणत. मोठे ढोल, नगारे, झांजा आणि झुर्ना. झुर्ना म्हणजे आपल्या सनईची बहीण. जॅनिसरी फौजेबरोबर हा बाजा व्हिएन्नाच्या वेशीपर्यंत गेला. युरोपला त्याची आधी भीती वाटली आणि मग गोडी लागली. मोझार्ट आणि बीथोव्हेन यांनी ‘तुर्की’ ढंगाच्या रचना केल्या. युरोपीय ऑर्केस्ट्रात मोठा ढोल आणि झांज स्थिरावली ती याच प्रभावातून. म्हणजे ज्याला आपण निव्वळ पाश्चात्य म्हणतो, त्या ताफ्यात इस्तंबूलचा हिस्सा आधीपासून होता.

१८२६ मध्ये सुलतान महमूद दुसरे यांनी बंडखोर जॅनिसरी फौज मोडून काढली. तिच्याबरोबर मेहतेरही बंद झाला. नवी फौज युरोपीय पद्धतीची, तेव्हा बाजाही तसाच हवा. म्हणून १८२८ मध्ये इटलीहून ज्युसेप्पे दोनिझेत्ती यांना बोलावण्यात आलं. प्रसिद्ध ऑपेरा-रचनाकार गाएतानो दोनिझेत्ती यांचे हे थोरले भाऊ. नेपोलियनच्या फौजेत त्यांनी बँडमध्ये काम केलं होतं. शाही बाजाचं नाव ‘मुझिका-इ हुमायून’ असं होतं.

दोनिझेत्तींची एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. त्यांच्यासमोर बसलेल्या तरुणांना युरोपीय नोटेशन येत नव्हतं. पण इस्तंबूलमध्ये हम्पार्त्सुम नावाच्या अर्मेनियन संगीतकाराने तयार केलेली एक लिपी चालू होती. दोनिझेत्तींनी आधी स्वतः ती लिपी शिकून घेतली आणि मग तिच्या आधाराने विद्यार्थ्यांना आपली लिपी शिकवली. शिकवायला आलेला माणूस आधी शिकायला बसला. हा माणूस परत गेला नाही. त्याला पाशा हा किताब मिळाला आणि १८५६ मध्ये इस्तंबूलमध्येच त्याचा मृत्यू झाला. सुलतान अब्दुल मजीद पहिले यांच्यासाठी त्यांनी ‘मजीदिये’ नावाची सलामीची धून रचली. १८४७ मध्ये फ्रान्झ लिस्ट इस्तंबूलला आला, सुलतानासमोर पियानो वाजवला आणि त्याच धुनेवर त्याने एक रचना लिहिली.

मात्र या बदलाची दुसरी बाजूही आहे. दरबारातले सर्वांत मोठे जुन्या परंपरेचे संगीतकार म्हणजे इस्माईल देदे एफेंदी. ते मौलवी सिलसिल्यातले, म्हणजे मौलाना रूमींच्या परंपरेतले दर्वेश होते. नव्या हवेत आपल्या संगीताची कदर उरली नाही, अशी खंत घेऊन ते हजला गेले आणि १८४६ मध्ये मक्केतच त्यांचा इंतकाल झाला. तरीही त्या काळात जुनं संगीत कुणी फर्मान काढून बंद केलं नव्हतं. शाही बाजाच्या त्याच संस्थेत पाश्चात्य वादक होते आणि तुर्की संगीताचे गवई-वादकही होते. एकाच छताखाली दोन बिऱ्हाडं होती.

खिलाफतीचा बाजा

सुरुवातीचे संचालक युरोपीय होते. मग त्यांच्याकडून शिकलेली तुर्की पिढी पुढे आली. सफ्वेत बे हे त्यांतले पहिले महत्त्वाचे नाव. त्यांच्यानंतर व्हायोलिनवादक उस्मान झेकी बे आले, जे पुढे झेकी उन्गोर या नावाने ओळखले गेले. पहिल्या महायुद्धाच्या शेवटच्या टप्प्यात, १९१७-१८ च्या हिवाळ्यात, झेकी बे आपला ऑर्केस्ट्रा घेऊन व्हिएन्ना, बर्लिन, म्युनिक, बुडापेस्ट अशा शहरांत गेले. साम्राज्य कोसळत होतं आणि त्याचे वादक युरोपच्या सभागृहांत बीथोव्हेन वाजवत होते.

नोव्हेंबर १९२२ मध्ये अंकाराच्या राष्ट्रीय सभेने सल्तनत संपवली. खिलाफत मात्र राहिली आणि अब्दुल मजीद दुसरे खलिफा झाले. शाही बाजाचं नाव बदलून ‘मकाम-इ खिलाफत’चा बाजा असं झालं. म्हणजे काही काळ या ऑर्केस्ट्राच्या नावातच खिलाफत होती.

हाच तो काळ, जेव्हा आपल्याकडे खिलाफतीसाठी जीव टाकला जात होता. मुंबईत खिलाफत कमिटी उभी राहिली होती. मौलाना शौकत अली, सेठ छोटानी आणि गांधीजी एका व्यासपीठावर येत होते. बायकांनी अंगावरचे दागिने उतरवून चंद्यात दिले होते. भायखळ्याचं खिलाफत हाऊस आजही उभं आहे आणि ईद-ए-मिलादचा जुलूस आजही तिथूनच निघतो. त्या चंद्यात दागिने टाकणाऱ्यांपैकी किती जणांना माहीत असेल की, ज्यांच्यासाठी हे चाललं आहे ते खलिफा चेलो वाजवतात?

३ मार्च १९२४ रोजी खिलाफत बरखास्त झाली. खलिफांना कुटुंबासह देशाबाहेर पाठवण्यात आलं. पुढे निजामाने त्यांना तनखा सुरू केला आणि १९३१ मध्ये त्यांची मुलगी दुर्रेशहवार निजामाची सून झाली. तिचे पती आझम जाह यांना पुढे ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला, म्हणजे आपल्या वऱ्हाडचा. खुलदाबादचा रिकामा मकबरा याच नात्याची निशाणी आहे.

आणि वादक? खिलाफत गेल्यावर दोन महिन्यांच्या आत, २७ एप्रिल १९२४ रोजी, ऑर्केस्ट्रा अंकाराच्या हवाली झाला. नवं नाव पडलं ‘रियासत-इ जुम्हूर मूसिकी’ मंडळ. उर्दू जाणणाऱ्याला ते लगेच कळेल: जुम्हूरियतच्या अध्यक्षांचं संगीत मंडळ. मालक बदलला, पण संचालक झेकी बेच राहिले.

फर्मानाने बदललेले सूर

मुस्तफा कमाल यांना नवा देश हवा होता, आणि त्याला नवा आवाजही हवा होता. झेकी बे यांच्याकडे संगीतशिक्षक घडवण्याची शाळा सोपवण्यात आली. राष्ट्रगीताची चालही त्यांचीच. १९२१ मध्ये मंजूर झालेले शब्द मेहमत आकिफ एर्सोय यांचे, जे दीनदार कवी म्हणून ओळखले जातात. आधी त्याला वेगळी चाल होती. १९३० मध्ये ती बदलून झेकी बे यांची पाश्चात्य धाटणीची चाल आली. तिची वाद्यरचना केली एदगार मानास या अर्मेनियन संगीतकाराने. अक्षरांचे वजन आणि चालीचे वजन नीट जुळत नाही, अशी तक्रार तुर्कस्तानात आजही होते. पण इस्लामी जाणिवेचा कवी, बीथोव्हेन वाजवणारा संचालक आणि अर्मेनियन ख्रिस्ती रचनाकार, या तिघांनी मिळून त्या देशाचं राष्ट्रगीत झालं, हे विसरता येत नाही.

इथवर ठीक होतं. पण नवं उभं करताना जुन्यावर कुऱ्हाड चालवली गेली. १९२५ मध्ये सूफी तकिये कायद्याने बंद झाले. रूमींच्या मौलवी सिलसिल्याचे खानकाह म्हणजे फक्त जिक्राच्या जागा नव्हत्या, तीनशे-चारशे वर्षांचं शास्त्रीय संगीत तिथे शिकवलं जात होतं. ते दरवाजे एका कलमाने लागले. १९२६ मध्ये इस्तंबूलच्या संगीत विद्यालयातून तुर्की शास्त्रीय संगीताचं शिक्षण काढून टाकलं गेलं. नोव्हेंबर १९३४ मध्ये रेडिओवरून ते संगीत बंद करण्यात आलं. बंदी १९३६ पर्यंत टिकली. स्वतः मुस्तफा कमाल यांना आपल्या रुमेली भागाची लोकगीतं अतिशय प्रिय होती, तरी हे झालं.

लोकांनी काय केलं? त्यांनी रेडिओची सुई फिरवली आणि काहिरा लावलं. सरकारला लोकांनी बीथोव्हेन ऐकावा असं वाटत होतं, लोक अरबी गाणी ऐकू लागले.

हे आपल्याला ओळखीचं वाटायला हवं. १९५२ नंतर माहिती आणि प्रसारण मंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळपास हद्दपार झालं. केसकर शास्त्रीय संगीताचे जाणकार होते, हेतू लोकांची अभिरुची सुधारण्याचा होता. लोकांनी सुई फिरवून रेडिओ सिलोन लावलं आणि अमीन सयानी घराघरांत पोहोचले. अखेर १९५७ मध्ये सरकारलाच विविध भारती सुरू करावी लागली. अंकाराने देशी शास्त्रीय संगीत अडवलं, दिल्लीने सिनेमाचं. अडवण्याची रीत एकच होती आणि निकालही एकच लागला.

जर्मनीतून आलेला आणि कानून वाजवणारा

१९३५ मध्ये ऑर्केस्ट्राला नवे संचालक मिळाले, एर्न्स्ट प्रेटोरियस. जर्मनीत वायमारला ते संगीत संचालक होते. त्यांची पत्नी ज्यू होती. नाझी सत्तेत आल्यावर त्यांची नोकरी गेली. संगीतकार पाउल हिंडेमिट यांच्या शिफारशीवरून ते अंकाराला आले. युरोप ज्यांना हाकलत होता, अशा अनेक शिक्षक आणि कलावंतांना त्या वर्षांत तुर्कस्तानने जागा दिली. प्रेटोरियस यांनी अकरा वर्षं या ताफ्याला शिस्त लावली आणि १९४६ मध्ये अंकारातच डोळे मिटले. दोनिझेत्ती इस्तंबूलच्या मातीत, प्रेटोरियस अंकाराच्या. दोघेही पाहुणे म्हणून आले होते.

प्रेटोरियस यांच्यानंतर काठी आली हसन फेरित आल्नार यांच्या हाती. मामूंना मी सगळ्यांत आनंदाने ज्यांच्याबद्दल सांगितलं ते हेच. आल्नार लहानपणापासून कानून वाजवत. कानून म्हणजे मांडीवर घेऊन वाजवायचं, आपल्या स्वरमंडळाच्या जवळचं वाद्य. तरुणपणीच त्यांचं नाव झालं होतं. नंतर व्हिएन्ना आणि बर्लिनला जाऊन ते पाश्चात्य संगीत शिकले. जे संगीत रेडिओवरून काढून टाकलं गेलं होतं, त्याच संगीतात वाढलेला माणूस देशाच्या सिम्फनी ऑर्केस्ट्राचा प्रमुख झाला. त्यांनी कानून आणि ऑर्केस्ट्रा यांना समोरासमोर बसवणारी एक रचनाही केली. कानून बाजूला ठेवल्याशिवाय मोझार्ट येत नाही, या समजुतीला त्यांचं आयुष्य हेच उत्तर होतं.

अंकारात यूनुस एमरे

२५ मे १९४६ रोजी अंकारात अहमद अदनान सायगुन यांची ‘यूनुस एमरे’ ही रचना पहिल्यांदा सादर झाली. एकल गायक, मोठा गायकवृंद आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठी लिहिलेली ही प्रदीर्घ रचना. असा प्रकार युरोपात बहुधा बायबलच्या कथांवर रचला जातो. सायगुन यांनी शब्द घेतले ते सातशे वर्षांपूर्वीच्या सूफी कवीचे. यूनुस एमरेंनी फारसीचा थाट सोडून शेतकऱ्याच्या तुर्कीत मृत्यू, इश्क आणि अल्लाहविषयी लिहिलं. आपल्याकडे श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी मराठीत जे केलं, त्याच जातीचं हे काम.

सायगुन हे हंगेरीचे बेला बार्तोक यांच्याबरोबर १९३६ मध्ये अनातोलियाच्या खेड्यांत लोकगीतं गोळा करत हिंडले होते. ‘यूनुस एमरे’मध्ये त्यांनी तकियांत गायल्या जाणाऱ्या इलाही गीतांचे सूर घेतले. तकिये बंद होऊन एकवीस वर्षं झाली होती, आणि ते सूर राजधानीच्या सभागृहात, युरोपीय वाद्यांच्या साथीने ऐकू आले. १९५८ मध्ये न्यूयॉर्कला लिओपोल्ड स्टोकोव्स्की यांच्या संचालनाखाली ही रचना झाली. शंभर वर्षं या ताफ्याने जगाचं संगीत तुर्कांना ऐकवलं होतं. जगाला ऐकवण्याजोगं आपलं काही सापडलं, ते बंद केलेल्या दरवाज्याआड.

१९५७ च्या कायद्याने ऑर्केस्ट्राला आजचं नाव आणि पक्का दर्जा मिळाला. १९६१ मध्ये त्याला अंकारात सभागृह मिळालं. नव्या, मोठ्या सभागृहासाठी १९९२ मध्ये स्पर्धा झाली, पण बांधकाम वर्षानुवर्षं रखडलं. ते उघडलं ३ डिसेंबर २०२० रोजी. ज्या एर्दोगान यांना जग इस्लामी राजकारणाचा चेहरा म्हणून ओळखतं, त्यांच्याच हस्ते. मुख्य दालनात २,०२३ खुर्च्या आहेत, प्रजासत्ताकाच्या शंभराव्या वर्षाची आठवण म्हणून. सुलतान, खलिफा, कमालवादी आणि एर्दोगान, एकमेकांशी न पटणाऱ्या या सगळ्यांनी एकाच ऑर्केस्ट्राला पगार दिला आहे.

मामूंचं उत्तर

आपल्या समाजात संगीताची चर्चा निघाली की, दोन गट पडतात. एकाला वाटतं, दीन टिकवायचा तर वाद्य पेटीत गेलं पाहिजे. दुसऱ्याला वाटतं, पुढारायचं तर जुनं सगळं मोडीत काढलं पाहिजे. उलेमांमध्ये या मसल्यावर शतकानुशतकं मतभेद आहेत. तो वाद मिटवण्याची माझी पात्रता नाही. पण या दोन्ही गटांना हा इतिहास अडचणीचा आहे. पहिल्या गटाने खलिफांचं ते चित्र पाहावं. दुसऱ्याने काहिरा लावणारा तुर्की श्रोता आठवावा. या ऑर्केस्ट्राचं जे नाव राहिलं, ते आधी दुसऱ्याची लिपी शिकणाऱ्या दोनिझेत्तींमुळे, कानून न सोडणाऱ्या आल्नारांमुळे आणि बंद तकियातले सूर परत आणणाऱ्या सायगुनांमुळे.

हे सगळं मी मामूंना टप्प्याटप्प्याने सांगितलं. ऐकून त्यांनी विचारलं, “पगार कोण देतं?”

“सरकार.”

“म्हणजे सरकार म्हणेल तेच वाजवायचं,” ते म्हणाले. “आम्ही निदान वरातीत लोकांची फर्माईश वाजवायचो.”

मी म्हटलं, “मग बंद का केलंत?”

ते काही बोलले नाहीत. गेल्या ईदला घरी गेलो, तेव्हा क्लॅरिनेटची पेटी पलंगाखालून निघून कपाटावर आली होती. मामूंनी फक्त एवढंच सांगितलं की, रीड खराब झाली आहे, औरंगाबादला गेलास तर नवी मिळते का बघ.